हलक्या पायाचा ब्रेक

एकदा असे झाले, की एका गुळाच्या व्यापाऱ्याने आपल्या मुलाची मोटार एका वृद्ध मिस्त्रीच्या दारात आणून उभी केली. मुलगा सोबत नव्हता. तो आता कधीच सोबत असणार नव्हता.

व्यापाऱ्याचे नाव सदानंदशेट. मिस्त्रींना सगळे आबा म्हणत. कोल्हापुरात जिथे सकाळपासून लोखंड कातल्याचे आवाज चालू असतात, त्या भागात आबांचे गॅरेज होते, आणि त्यांच्या हाताखाली निवास नावाचा शिष्य काम करत होता. शिष्य म्हणजे काही लहान पोर नव्हे. लग्न झालेला, बापमाणूस. पण आबांच्या समोर तो अजून पाना हातात घेताना एकदा विचारून घेई.

शेटजींचा मुलगा हर्षल हा या निवासचा जिवलग मित्र. त्याला गाडी पळवण्याचे वेड होते. रस्त्यावर नव्हे, तेवढी समज त्याला होती. हल्ली माळावर बंदिस्त वाटा बांधलेल्या असतात. तिथे एखादा दिवस ठरवून आपली रोजचीच गाडी हवी तशी पळवू देतात. ही मुले त्याला ट्रॅक डे म्हणतात. हर्षलने नाव नोंदवले होते. त्या दिवसासाठी म्हणून त्याने खास ब्रेक पॅड, म्हणजे चाकाला घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, आणि मऊ रबराचे टायर मागवले होते. ते आले, आणि हर्षलला कावीळ झाली. आधी अंगावर काढली, मग ती पोटात गेली, आणि त्यातच तो गेला. पॅडचे खोके फोडायचेही राहून गेले.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. गेलेल्याचे काही राहिले असेल तर कावळा शिवत नाही, असे आपल्याकडे मानतात. मग घरचे एकेक जण हात जोडून शब्द देतात. शेटजी म्हणाले, "तुझ्या आईला जपतो." कावळा हलला नाही. काका म्हणाला, "बहिणीचं शिक्षण थांबू देणार नाही." तरी नाही. ऊन चढले. बायका पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. तेव्हा मागे उभा असलेला निवास पुढे आला आणि रडत रडतच म्हणाला, "हर्षल, तुझी गाडी ट्रॅकवर नेतो. तू आणलेले पॅड, तू आणलेले टायर. तेच लावून नेतो."

आणि कावळा शिवला.

तोच शब्द पुरा करायला शेटजी आज आले होते. डिकीत खोकी होती. मागच्या सीटवर टायर रचलेले होते, त्यांच्यावरचे कागदसुद्धा निघाले नव्हते.

"रविवारी आहे ते," शेटजी म्हणाले. "गाडी मी चालवणार."

निवास म्हणाला, "काका, मी चालवतो ना. तुम्ही बाजूला बसा."

"नाही. घाटावर पाणी मी दिलं. हेही मीच देणार."



आबांनी खोकी पाहिली, शेटजींकडे पाहिले, आणि म्हणाले, "शेट, चला, चहा पिऊन येऊ. गाडी तुमी चालवा."

ही आबांची जुनी रीत होती. ट्रॅकसाठी म्हणून कुणी गाडी आणली, की ते आधी बॉनेट उघडत नसत. मालकाला घेऊन चहाला जात. नाक्यावरची टपरी जवळ असली तरी गाडीनेच जात, आणि आपण शेजारी मान खाली घालून बसत. गिऱ्हाइकाला वाटे, म्हातारा पेंगतोय. निवासला तर इतकी वर्षे वाटत आले होते, की आबांना चहाचा शौक आहे.

टायर खाली उतरवून निवास मागे बसला. शेटजींनी गाडी अशी चालवली, की मागे अंड्यांची टोपली ठेवली असावी. समोरून सायकल आली तरी ते थांबत. वळण दुरून दिसले, की त्यांचा पाय ब्रेकवर जाई आणि तिथेच हलकेच टेकून राही. टपरीवर तिघांनी चहा घेतला. शेटजींचा अर्धा कप तसाच राहिला. आबांनी तो घेऊ पाहणाऱ्या पोऱ्याला हाताने थांबवले, आणि शेटजी उठेपर्यंत तेही उठले नाहीत.

परत आल्यावर आबा म्हणाले, "निवास, साधे पॅड लाव. रस्त्याचे. नवे घे. आणि टायर हायत तेच राहू देत. हवा तेवढी बघ."

शेटजींचा चेहरा उतरला. "आणि त्यानं आणलेले?"

"ते राहू देत, शेट."

"आबा, तिथं शब्द दिलाय. तुम्हाला माहीत नसेल."

"ठावं हाय मला," आबा म्हणाले, आणि हात धुवायला नळाकडे गेले.

शेटजी काही वेळ गाडीच्या टपावर तळवा ठेवून उभे राहिले. मग निवासला म्हणाले, "संध्याकाळी येतो. त्यांना समजाव बाबा. तेच लावा. त्याचं मागं काही राहायला नको." आणि ते पायीच दुकानाकडे निघून गेले.

आबा निवासला कधी उणा शब्द बोलले नव्हते, पण आज त्याला ते कठोर वाटले. ज्या बापाचा मुलगा गेला, त्याची एवढीशी इच्छा, आणि हा म्हातारा चहा पिऊन येतो आणि नाही म्हणतो! आबा दुपारी जेवायला घरी गेले, तसे निवासने गाडी जॅकवर घेतली. खोकी फोडली. हर्षलने आणलेले पॅड बसवले, हर्षलने आणलेले टायर चढवले. प्रत्येक नट आवळताना त्याला वाटत होते, की पलीकडच्या चाकाशी हर्षल बसला आहे आणि आता म्हणेल, "निव्या, जोर लाव की लेका, भात खाऊन आलायस काय?"

आबा आले. त्यांनी चाके पाहिली. निवास मान ताठ करून उभा राहिला, की आता बोलणी बसतील. पण आबा रागावले नाहीत. ते ज्या लाकडी स्टुलावर दिवसभर बसत, ते त्यांनी उचलले, मागच्या रिकाम्या गल्लीत नेले आणि मधोमध ठेवले. मग स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

"गाडी आण," ते म्हणाले. "अन् ह्या स्टुलापाशी थांबव."

"एवढंच?"

"एवढंच. पण तुझ्या पायानं न्हाई. सकाळी शेटनी जसा पाय टेकला, तसा टेक. तेवढाच."

निवासला हा पोरखेळ वाटला. तरी तो बसला. गाडी शेटजींच्या चालीने आणली, दुरूनच ब्रेकवर पाय ठेवला आणि शेटजी दाबत तेवढाच दाबला. रोजची गाडी असती तर तेवढ्या दाबाला केव्हाच उभी राहिली असती. ही कुरकुरली, आणि रेंगाळत पुढे निघाली. निवासने तरी पाय तेवढाच ठेवला. शेवटी न राहवून त्याने जोरात दाबला, तोवर पुढच्या बंपरचा धक्का स्टुलाला लागला होता आणि ते आडवे होऊन आबांच्या पायाशी घरंगळत आले.

निवास खाली उतरला. "पॅड नवे आहेत आबा. अजून घासून बसले नाहीत."

"घासून बसवणार कोण? शेट?"

"मी बसवतो. मी आधी पळवून, तापवून देतो त्यांच्या हातात."

"दे की. शेट पट्टा लावून, देवाचं नाव घेऊन, गाडी हलवेपातूर ते गार. मग?"

आबांनी स्टूल उभे केले, धूळ झटकली, आणि त्यावर बसले. त्यांचा आवाज हळू होता.

"बस असा. हे पॅड वाईट न्हाईत. लई चांगले हायत. टायरबी चांगले. पण त्यांना ताप लागतो. गाडी सोडायची, गच्चकन ब्रेक दाबायचा, पुन्हा सोडायची, असं चार वळणं केलं की ते तापत्यात, अन् मग असे धरत्यात की बघत राहावं. गार असले की मात्र ते परके. हर्षलला मी चहाला नेला होता तवाच त्याचा पाय बघितला मी. हातोडा पडावा तसा पडायचा. त्यानं त्या पायासाठी हे आणलं. बरोबरच आणलं. पण तो पाय आता न्हाई, निवास. तिथं आता शेटचा पाय हाय. तो हलका हाय. तो शंभर फेऱ्या मारील तरी ह्यांना ऊब द्यायचा न्हाई. मग एखाद्या वळणावर तो विश्वासानं टेकील, नेहमीसारखा, अन् गाडी ह्या स्टुलागत पुढं जाईल. त्या घरातनं आता आणखी एक माणूस जाऊन चालंल का?"

निवासने मान खाली घातली.

"आणि शब्द?" त्याने विचारले. "तो मी दिला होता आबा. सगळ्यांच्या समोर."

"दिलास, चांगलं केलंस. तवा तुझ्या डोळ्यापुढं हर्षल होता. शब्द दिला त्याला, पण पाळणार शेट. आता डोळ्यापुढं शेट पाहिजेत. तू आज हे लावलंस ते शेटसाठी न्हाई लावलंस. तुला वाटलं, त्याचं सामान लावलं म्हंजे गाडी तोच चालवील. थोडा वेळ का हुईना." आबा थांबले. "मलाबी वाटतं रे तसं. पण तसा पॅड कुठं मिळत न्हाई."

निवास उठला. तो गाडी आत घेऊन गेला आणि पुन्हा जॅक लावला. आता नट सैल करताना पलीकडच्या चाकाशी कुणी नव्हते. घाटावर त्याने रडून घेतले होते, पण ते लोकांच्या बरोबरचे रडणे होते. आज मात्र तो चाकाआड एकटा रडला. आबा बाहेर स्टुलावर पाठ करून बसून राहिले. एक गिऱ्हाईक स्कूटर घेऊन आले, त्याला त्यांनी "थोड्या वेळानं ये रं" म्हणून परत पाठवले.

पॅड काढून खोक्यात ठेवताना निवासचा हात मध्येच थांबला. त्याला काहीतरी आठवले.

संध्याकाळी शेटजी आले. त्यांनी आधी टायरांकडेच पाहिले. जुनेच होते.

"काका," निवास पुढे होऊन म्हणाला, "शब्द मी दिला होता. तो मी दिला तसा पाळता येत नाही. ते पॅड तुमच्या पायाला धरत नाहीत. मी लावून बघितले."

"माझ्या पायाचं काय घेऊन बसलास? मी सांभाळीन. पण त्याचं मागं राहिलं तर?" शेटजींनी टपावर तळवा ठेवला. "तो अडकून राहिला तर?"

निवास आबांकडे पाहू लागला.

"काका, एक सांगू? मी विसरलो होतो. हे पॅड मागवले त्या दिवशी आम्ही दोघं इथंच, या पायरीवर बसलो होतो. मी त्याला म्हटलं, एकदा चढवले की राहू दे आता हेच, सारखं कोण काढ-घाल करणार? तर माझ्यावरच खेकसला. म्हणाला, येडा आहेस काय? हे फक्त त्या दिवसापुरते. संध्याकाळी तिथंच काढायचे आणि साधे लावूनच गाडी घरी न्यायची. पप्पा घेतात गाडी मधेमधे, म्हणाला. पप्पांचा पाय हलका आहे."



"असं म्हणाला?"

"असंच म्हणाला."

"त्यानं कधी माझा पाय बघितला?"

हे त्यांनी कुणाला विचारले, कुणास ठाऊक. ते खाली पायरीवर बसले. हर्षल एवढासा होता तेव्हा त्याला पुढे उभा करून स्कूटरवरून मार्केट यार्डात नेत असत, तेव्हापासूनचे सगळे त्यांच्या मनात आले असावे. बापाला वाटत असते, की आपणच पोराकडे बघतो. पोरही बघत असते, हे सहसा उशिरा कळते. शेटजींना फारच उशिरा कळले. काही वेळाने त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे पाहिले, चप्पल नीट केली आणि म्हणाले, "मग साधेच राहू देत, आबा."

आबा फक्त "बरं" म्हणाले. खोकी आणि टायर त्यांनी आतल्या फळीवर ठेवून दिले.

रविवारी माळावर पुष्कळ गाड्या होत्या. रंगवलेल्या, कानठळ्या बसवणाऱ्या. रबर जळाल्याचा वास सगळीकडे भरला होता. शेटजींना सगळ्यांच्या शेवटी, वाट मोकळी झाल्यावर सोडले. निवास शेजारी बसला. गाडी निघाली तेव्हा कठड्यापाशी उभ्या असलेल्या मुलांपैकी एक जण ओरडला, "ओ काका, जोतिबाला निघालाय काय? पोचाल का उद्यापर्यंत?" सगळे हसले. मग कुणीतरी त्याच्या कानात, गाडी कुणाची ते सांगितले. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पहिले वळण दुरून दिसले. शेटजींचा पाय हलकेच टेकला. गाडी शहाण्यासारखी सावकाश झाली, वळली, पुढे गेली. दुसऱ्या वळणालाही तसेच. निवास त्यांच्या पायाकडे बघत होता, आणि आबांच्या चहाच्या टपरीपर्यंतच्या त्या सगळ्या फेऱ्यांचा अर्थ त्याला आता लागत होता.

फेरी पुरी झाली. शेटजींनी गाडी कडेला थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले.

"झाली ना रे?"

"झाली, काका."

"फार हळू चालवली मी."

"हळू नाही. तुमच्यापुरती चालवली."

"तो असता तर हसला असता."

"हसला असता," निवास म्हणाला. "म्हणाला असता, पप्पा, यापेक्षा आपला उसाचा ट्रॅक्टर बरा."

शेटजी हसले. खरेच हसले, खांदे हलेपर्यंत. आणि हसता हसता तो आवाज बदलला. दहाव्याला, तेराव्याला सगळ्यांना धीर देत फिरलेला तो बाप पोराच्या गाडीत, पोराच्या जागेवर बसून ओक्साबोक्शी रडला. निवासने मान वळवून खिडकीबाहेर पाहिले. आबा कठड्याशी उभे होते. ते जवळ आले नाहीत, आणि दुसऱ्या कुणालाही त्यांनी जवळ येऊ दिले नाही.

बऱ्याच वेळाने शेटजींनी धोतराच्या टोकाने तोंड पुसले.

"निवास, वाट मोकळी आहे का अजून?"

"आहे."

"मग आणखी एक मारू?"

"मारा, काका."

गाडी पुन्हा निघाली, आधीइतकीच सावकाश. या वेळी निवासने त्यांच्या पायाकडे पाहिले नाही. तो समोर बघत बसला.

गेलेल्या माणसाचे राहिलेले काम आपण हाती घेतो, तेव्हा ते आता कुणाच्या हातून व्हायचे आहे, त्याच्याकडेही एकदा मायेने बघून घ्यावे.